टाचणीवरची जुनी चिठ्ठी

संग्रहालयातल्या प्रत्येक पतंगाच्या टाचणीवर, त्याच्या पोटाखाली, नखाएवढ्या चिठ्ठ्या असतात. एकीवर तो कुठे सापडला ते लिहिलेलं असतं, दुसरीवर त्याची जात आणि ती ठरवणाऱ्याची सही. पुढे कोणाला ती जात चुकीची वाटली, तरी जुनी चिठ्ठी काढायची नसते. तिच्याखाली आपली टोचायची.

आज पेटी उघडली आणि सरांचं टपोरं अक्षर दिसलं. सह्याद्रीतले हे दोन तपकिरी पतंग वेगळ्या जातींचे आहेत, असं नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी सरांना सांगितलं होतं. ते सगळ्यांदेखत हसले. "बाई, आधी डोळे तपासून घ्या," म्हणाले आणि दोघांवर एकच नाव लिहून मोकळे झाले.

माणसं बोलतात, घरी जातात, जेवून झोपतात. टाचणी ऐकणाऱ्याला बसलेली असते.

मी डोळे तपासून घेतले नाहीत. दोन्ही पतंगांच्या पोटाची टोकं औषधात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आतली रचना अगदी निराळी निघाली.

"काढून टाक ना ती जुनी," शेजारच्या टेबलावरून कुसुमताई म्हणाल्या. "सर अजून येतात इथे. कशाला त्यांची शोभा?"

"नियमात बसत नाही, ताई."

माझी चिठ्ठी टोचताना मी ती मुद्दाम जरा जास्तच खाली ओढली. सरांची सही नीट वाचता आली पाहिजे.