सिलिकॉन सुकेपर्यंत

"ताई, ते भोक मीच बुजवलंय," नीलेश म्हणाला.

मी गाडीखाली आडवी होते. वर त्याची सात सिटांची डिझेल गाडी, खाली गडबचं आमचं अंगण, आणि मध्ये मी. वॉटर पंप म्हणजे इंजिनभोवती पाणी फिरवून त्याला थंड ठेवणारा पंप. त्याच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं आणि मालकाला कळतं, पंप बदलायची वेळ आली. आमच्या मालकाने त्या भोकात दगडासारखी घट्ट होणारी इपॉक्सीची लांबी भरली होती.

"ठिबकत होतं ना. आता नाय ठिबकत."

"आता ते बेअरिंगमध्ये जातंय, शहाण्या."

नीलेश माझा धाकटा भाऊ. डोलवीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या शिफ्टच्या माणसांची तो ने-आण करतो. त्या आठवड्यात गाडी तापून दोनदा रस्त्यात उभी राहिली होती. रविवारी सकाळीच ठेकेदाराचा फोन आला. नीलेशने तो स्पीकरवर टाकला.

"उद्या पहिल्या शिफ्टला गाडी गेटवर पायजे. नसली तर रूट दुसऱ्याला."

"शेठ, ताई स्वतः काम करतेय. इंजिनियर हाय ती."

"मग तर अजून वेळ लागंल."

मी रोह्याला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्समध्ये आहे. पंप उघडणं, बसवणं हेच माझं रोजचं काम. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे मी न लाजता सांगते. तोटा एवढाच, की वाडीत मिक्सर बंद पडला तरी लोक आमच्या दारात येतात. आमचा गॅरेजवाला त्या दिवशी हळदीला गेला होता. म्हणजे सोमवारीही त्याचा भरवसा नव्हता.

नव्या पंपासाठी मी आणि नीलेश रिक्षाने पेणला गेलो. रामवाडीतल्या दुकानात पंप मिळाला, पण बॉक्समध्ये पॅकिंग नव्हतं. पॅकिंग म्हणजे दोन धातूंच्या तोंडांमध्ये बसवायचा जाड कागद. तो नसला तर जोडातून पाणी गळतं.

"पॅकिंग कुठाय?"

"सिलिकॉन लावा, मॅडम. सगळे तेच लावतात. मिस्तरीला सांगा, त्याला माहीत असतं."

"मिस्तरी मीच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सिलिकॉनच्या चिकट लेपाची ट्यूब नीलेशच्या हातात दिली आणि कशी लावायची ते त्याला समजावलं. नीलेशने मान डोलावून सगळं ऐकून घेतलं. परतताना ती ट्यूब मी त्याच्या हातातून काढून घेतली.

घरी येऊन बेल्ट काढला, फॅन काढला, जुना पंप सोडवायला घेतला. एक बोल्ट गंजून बसला होता. अशा बोल्टवर जोर केला की त्याचं डोकं तुटून हातात येतं. गंज सोडवणारं तेल मारायचं आणि थांबायचं. पण मी थांबले की अंगणातल्या लोकांना वाटे, हिला जमत नाय.

"हातोडा घाल गो," शेजारची काकी म्हणाली.

"काकी, तुझ्या भाकऱ्या करपतील."

"भाकऱ्या कवाच झाल्या. तुझंच चाललंय सकाळपासून."

बोल्ट सुटला. तोंडं घासून साफ केली, सिलिकॉन लावलं, नवा पंप बसवला, बोल्ट समोरासमोरचे धरून सारखे आवळले. ट्यूबवर लिहिलेलं होतं, रात्रभर सुकू द्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता कोणी हात लावायचा नाय. पाणी पहाटे भरायचं." आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर गाडीखाली ओल. बाबा रिकामी बादली घेऊन उभे.

"बाबा, पाणी कोणी ओतलं?"

"मी. पंपाला पाणी पाजल्याबिगर तो उचलतो काय गो? ओढ्यावरचा पंप कधी कोरडा चालू केलाय आपण?"

त्यांच्या पंपापुरतं ते बरोबर होतं. शेतातल्या पंपात आधी पाणी भरावं लागतं, नाहीतर तो नुसती हवा ओढत बसतो. त्याला प्रायमिंग म्हणतात. पण गाडीच्या पंपाला ते वेगळं करावं लागत नाही, आणि ओल्या सिलिकॉनवर तर नाहीच नाही.

"मी सांगितलं होतं ना, पहाटे भरायचं?"

"पहाटे घाई झाली असती. त्याचा रूट जाईल म्हणून आताच पाजून ठेवला."

नीलेश मोबाइलमध्ये बघत होता. त्याला विचारलं, तू कुठे होतास? म्हणाला, "बादली मीच भरून दिली."

कंपनीत मशीन उघडलं की आधी त्याच्या स्विचला कुलूप लागतं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते. मॅनेजर आला तरी त्याला ते मशीन चालू करता येत नाही. मला ही पद्धत नेहमी अति वाटायची. त्या दिवशी नाही वाटली.

पाणी काढलं. बेल्ट, फॅन, पंप पुन्हा खाली. अर्धवट सुकलेलं सिलिकॉन च्युइंगगमसारखं चिकटतं. ते नखांनी, ब्लेडने, शेवटी काकीने दिलेल्या घासणीने काढलं. पुन्हा सगळं बसवेपर्यंत दिवे लागले. बॉनेट बंद केलं, गाडीला कुलूप लावलं, किल्ली ड्रेसच्या खिशात घातली आणि तशीच घेऊन जेवायला बसले. बाबांनी ते बघितलं. माझ्या ताटात सुक्या बोंबलाचा मोठा तुकडा त्यांनीच वाढला.

पहाटे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा काढली, जोडाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं. नीलेश निघाला. तासाभराने त्याचा फोन आला, "पोचलो. गाडी तापली नाय, काटा मध्येच हाय."

"शेठ काय म्हणाला?"

"काय नाय. उद्याची टायमिंग दिली."

पुढच्या शनिवारी मी रोह्याहून आले. हायवेवर रिक्षातून उतरले तर चहाच्या टपरीवर बाबा चारचौघांना सांगत होते, "पोरीनं पंप बसवला, तसं चांगलं काम हाय तिचं. पन पहिला पानी मी पाजला, तवा तो लागला."

मी चहा घेतला आणि बाबांच्या चहाचेही पैसे दिले. घरी गाडीचा पंप बदलणार असाल तर माझं एवढंच सांगणं आहे. पंप बसवून झाला की गाडीला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवा. आंघोळीला जातानाही.