न उघडलेली वही

त्या वहीची घटना आजही आठवते आणि आठवली की राग येतो. बराचसा स्वतःचाच.

तेव्हा मी सुरतला लिंबायत भागात फौजदार होतो. साड्यांच्या एका कारखान्याच्या शेठने अर्ज दिला. त्यांच्या नव्या डिझाइन्स बाजारात उतरण्याआधीच दुसऱ्याच्या साड्यांवर दिसल्या होत्या. संशय डिझाइन काढणाऱ्या बाईवर होता. खानदेशातली, पंधरा वर्षं तिथेच नोकरीला. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, "त्या बाईच्या दोन वह्या आहेत. दुसरी ती घरी लपवते."

सुरतेत दोन वह्या म्हटलं की एक खऱ्या हिशेबाची, एक खोट्या, असं समजून पोलिसाचे कान टवकारतातच. माझेही टवकारले. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन तिच्या घरी गेलो. लाल पुठ्ठ्याची कामाची वही तिने स्वतःच आणून दिली. दुसरी शिलाई मशीनच्या खणात सापडली. खाकी कव्हर, वरून साडीच्या लेसचा तुकडा बांधलेला. मी गाठ सोडायला लागलो तशी ती आडवी आली. माझ्या छातीवरचं खानदेशी आडनाव वाचून सरळ अहिराणीतच बोलली.

"हाई कामनी वही, ल्या. ती मनी शे. ती वाचू देवाव नही."

"निर्दोष माणसाला लपवायचं काय असतं?" मी दरडावलं.

"साहेब, तुमी बी घरनं दार लावतस ना? मंग तुमी चोर शेतस का?"

पंच खाली बघून हसले. मला झोंबलं. पण त्याच वेळी माझी डायरी आठवली. माझी एकच डायरी होती. आरोपींची नावं, बंदोबस्त आणि बायकोशी झालेलं भांडण, सगळं एकाच पानावर. एकदा ती ठाण्यात लिखापढी करणाऱ्या रायटरच्या हाती लागली आणि आठवडाभर ठाणं माझ्यावर हसलं होतं. मी गाठ तशीच ठेवली. वही पाकिटात घालून लाखेचं सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मुद्देमालात जमा केली.

शेठ रोज येऊन बसायचे, दुसऱ्या वहीतच सगळं आहे म्हणायचे. "साहेब, बीजी वहीमां ज बधुं छे!" वरिष्ठांनीही सुनावलं, "उघड आणि संपव प्रकरण." मी म्हटलं, हातात आहे ती लाल वही आधी वाचू द्या. कायद्याने मी दुसरी उघडू शकत होतो, म्हणूनच न उघडायला हट्ट लागला.

लाल वही मी तीनदा वाचली. बाई कामात चोख होती. चोरीला गेलेल्या डिझाइनच्या वेलीत पहिल्या दिवशी एक पान उलटं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते सुधारलं होतं आणि बाजूला नोंद केली होती. बाजारातल्या चोरीच्या साडीवर ते पान उलटंच होतं! म्हणजे चोरी सुधारण्याआधी झाली होती. पहिल्या दिवसाच्या चित्राखाली तिनेच लिहिलं होतं: 'संध्याकाळी शेठच्या भाच्याने फोटो काढला.'

भाच्याला बोलावून साडी आणि वही शेजारी शेजारी ठेवली. एक ग्लास पाणी प्यायला आणि कबूल झाला. निनावी फोनही त्याचाच. जेवणाच्या सुट्टीत तिला दुसऱ्या वहीत लिहिताना आणि ती घरी नेताना त्याने पाहिलं होतं. शेठ मात्र भाच्यापेक्षा पंख्याकडेच जास्त बघत होते.

संशयावरून घरी बसवलेल्या बाईला शेठ परत कामावर या म्हणाले. ती म्हणाली, "पयले माफी. सगळा कारागिरस्ना समोर." शेठने मागितली, मी तिथे उभा होतो.

मी वही परत दिली तेव्हा तिने सील उलटसुलट करून पाहिलं.

"उघाडी नही?"

"नाही."

मग तिने पोच म्हणून सही केली.

दोन वह्या ठेवणारा माणूस दोन तोंडांचा असतो, असं मी त्याआधी मानत होतो. साफ चूक होती. कामाच्या वहीत ती इतकी खरी होती, कारण तिचं बाकीचं आयुष्य ठेवायला तिच्याकडे दुसरी जागा होती. त्याच आठवड्यात मीही दुसरी वही आणली. आज निवृत्तीनंतरही ती कपाटात कुलपात असते, आणि घरचे काय ते समजून आहेत.

लोक अजून विचारतात, त्या बाईच्या वहीत होतं तरी काय?

मला माहीत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'माहीत नाही' हे उत्तर देताना माझी मान ताठ राहते, असं हे एकच प्रकरण आहे.