सावलीतलं वाळवण

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. "सुमनताई, हे गेले," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि ताटातली उरलेली गवार मोडून संपवली. फोडणीही दिली... दिघीला त्यांच्या घरी जायला पिशवी भरायची आहे, हे त्यानंतर सुचलं. जलदान विधी होऊन आता बरेच आठवडे झाले, पाऊसही सरला, पण मला अजून रडू आलेलं नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, लग्नाचं शूटिंग करायचा. खाडीच्या अल्याडपल्याडची कितीतरी लग्नं त्याची. आगरदांड्याला जाताना फेरीबोटीत कॅमेऱ्याची बॅग लेकरासारखी मांडीवर घेऊन बसायचा. गिऱ्हाइकाला डीव्हीडी दिली तरी एक प्रत स्वतःकडे ठेवायचा, कारण आपली माणसं तिचे काय हाल करतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी तिच्यावर चहाचा कप ठेवी, कुणी ओल्या पदराने पुसून परत आणून देई. पण खरा घात झाला तो त्याच्याच घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसा.

आमच्याकडे पाऊस सरला की घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. गाद्या, डाळी, ठेवणीतल्या साड्या. नव्याने नांदायला आलेल्या वहिनीला डीव्हीड्यांवर बुरशीचे ठिपके दिसले आणि तिने मोठ्या मायेने त्या अंगणात चटईवर मांडल्या. संध्याकाळपर्यंत काहींच्या कडा पापडासारख्या वर आल्या होत्या. बाकीच्या दिसायला धड, पण लागेनात. लोकांची लग्नं लोकांच्या घरी होती, ती पुन्हा उतरवून घेता आली. दादा-वहिनीचं मात्र त्यातल्या एकाच डीव्हीडीवर होतं, आणि त्याची मूळ कॅसेट दादाने केव्हाच पुसून दुसऱ्या कुणाच्या हळदीला वापरली होती. वहिनी रडून रडून बेजार. दादाने ती डीव्हीडी सुतळीने पेरूच्या झाडाला टांगली. "रडतेस कशाला? पोपट तरी बसणार न्हायत आता. आपलं लग्न पेरू राखतंय बघ!"

त्यानंतर दर वर्षी पाऊस सरला की दादाचं वाळवण निघे, पण पडवीत, सावलीला. ऊन सरकलं की चटईही सरकायची. डीव्हीडी कडेने आणि मधल्या भोकात बोट घालून धरायची, चकचकीत बाजूला हात लावायचा नाही. मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची. "तवा पुसतेस तशी गोल न्हाय," तो वहिनीला सांगे. गोल ओरखडा पडला तर चित्र तिथेच अडकतं, मधून कडेकडे सरळ असेल तर मशीन बहुतेक वेळा ओलांडून जातं. मग एकेक डबीत घालून पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या आणि खाऱ्या हवेला आत शिरू न देणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तो नातेवाइकांकडून हक्काने मागून आणायचा. आम्ही त्याची फार टिंगल करायचो. लोकांची लग्नं फोनमध्ये गेली, तरी त्याचं वाळवण चुकलं नाही.

परवा गेले तर पडवीत चटई पसरलेली. वहिनी खाली मान घालून पुसत होती, मधून कडेकडे. पुसून झालेली एकेक डीव्हीडी आतल्या, दारातून दिसणाऱ्या टीव्हीवर लावून बघत होती, दादा बघायचा तशी. मी शेजारी बसले.

"फोनात फोटू हायत गं ह्यांचे," ती म्हणाली. "पण चालताना, बोलताना एकदा बघायचं होतं. दुसऱ्यांच्या लग्नात तर कॅमेऱ्याच्या मागंच असायचे. आमचं एक होतं, ते मीच उन्हात घातलं."

अंगणात पेरूवर ती डीव्हीडी सुतळीला अजून फिरत होती. मी पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. टीव्हीवर आगरदांड्याची कुणीशी नवरी पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसली होती. पाठीमागे माणसांचा गलका चालला होता. एकदम अगदी जवळून, कॅमेऱ्यालगतच आवाज आला,

"नवरी, मान वर करा जरा."

वहिनीने मान वर केली. हातातली डीव्हीडी तिने कडेनेच धरली होती.

"हां, अस्संच... आता हलू नका," दादा म्हणाला.

आम्ही दोघी हललो नाही.