मयुरीच्या आईचा निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय निघाला की मी घाईघाईने दुसरं काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात ते सगळे मला चांगली बाई म्हणतात, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती नाही.

मी शिक्षिका आहे. राहते पनवेलला, शाळा जासईच्या बाजूला, कंटेनरच्या ट्रेलरांच्या गर्दीतून बसने जायचं आणि बसने यायचं. माझ्या वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या हक्कांचा तक्ता आहे. मीच लावलाय. त्याच्या खाली अडचणीतल्या मुलांसाठी असलेला तो चार आकडी फोन नंबर, मोठ्या लाल अक्षरांत. घरातून पळून आलेलं मूल दिसलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षणही मी घेतलं होतं, तेही पहिल्या रांगेत बसून. चोवीस तासांच्या आत कळवायचं — त्या नंबरवर, नाहीतर पोलिसांना, नाहीतर बाल कल्याण समितीला. मूल खरं बोलतंय की खोटं, त्याचं घर चांगलं की वाईट, हे आपण ठरवायचं नाही. समिती मुलाशी बोलते, घरची चौकशी करते आणि मग ठरवते. न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेत परत आल्यावर बाकीच्या शिक्षकांना हे सगळं मीच समजावून सांगितलं, चांगलं फळ्यावर लिहून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ असेलच.

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. ही पळवाट आधीच बंद करून टाकते.

तर, मयुरी. ती मला पनवेलच्या एसटी स्टँडवर दिसली. शाळा सुटून मी घरी निघाले होते. ती पाण्याच्या नळाशेजारी बसली होती. बारा-तेरा वर्षांची, अंगात शाळेचा गणवेश, पायात काही नाही. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघायची आणि एकाही गाडीत चढायची नाही. इतकी वर्षं मुलांमध्ये काढल्यावर ते ओळखता येतं. मी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "पेनच्या फुडं गाव हाय." त्यापुढे एक शब्द नाही. मी तिला घरी घेऊन आले. चहा-चपाती देऊ, रात्र काढू दे, सकाळी फोन करू — मनात एवढंच होतं. हे खरं आहे. पण त्या एका संध्याकाळच्या खरेपणावर मी किती दिवस जगायचं?

त्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अर्धांगवायू. एक अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, मात्र स्वभाव शाबूत होता. एका हाताने त्या ताटली अशी भिरकावायच्या की सांभाळायला ठेवलेली बाई महिनाभर टिकली तर आम्ही देवाला नारळ फोडायचो. ह्यांची नोकरी कंटेनर यार्डात, पाळ्यांची. म्हणजे शाळा मी, स्वयंपाक मी आणि सासूबाईही मीच. मयुरी आली त्या संध्याकाळी सासूबाईंचं अंथरूण खराब झालेलं होतं. मी नाकाला पदर लावून उभी होते — माझ्या नवऱ्याची आई, आणि मी नाकाला पदर लावून. ती पोर आत आली, कुणी सांगितलं नव्हतं, तिने बादली घेतली, म्हातारीला कुशीवर वळवलं, पुसलं, पावडर लावली. सासूबाईंनी ताटली भिरकावली नाही. तिच्या हाताने चार घास खाल्ले.

सकाळी मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या दिवशी रविवार. हळूहळू कारणं संपली आणि त्यांची गरजही संपली. ह्यांनी एकदा विचारलं, "अगं, तिच्या घरच्यांना कळवलंस ना?" मी भाजी चिरता चिरता म्हणाले, कळवलंय, समितीनेच सध्या आपल्याकडे राहू दे म्हटलंय. मान वर न करता. ह्यांना पटलं. का नाही पटणार? त्यातली मी जाणकार होते ना! शेजारच्या बायका म्हणायच्या, पुण्य कमावताय हो, परक्याची पोर पोटच्या पोरीसारखी ठेवलीत. मी हसायचे. पोटची पोर असती तर तिला शाळेत घातलं नसतं का? तिला मी शाळेत घातलं नाही. शाळेत नाव घालायचं म्हणजे कागद आले, चौकशी आली. घरीच शिकवते म्हणाले, आणि कधीतरी रविवारी अर्धा तास गणितं घातली. पगारही दिला नाही — पोटच्या पोरीला कुणी पगार देतं का? दोन्हीकडून माझंच खरं.

काही दिवसांनी, सासूबाईंचे पाय चोळता चोळता, तिने घर का सोडलं ते सांगितलं. वडील नव्हते. आई सुकी मासळी विकायला बाहेरगावी जायची, धाकट्या भावाला हिने सांभाळायचं. त्या दिवशी भाताची पेज ओतताना टोप हातातून निसटला. बारक्या मागेच उभा होता. शेजाऱ्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, हे पोर काही हाती लागत नाही. ते ऐकलं आणि ती तिथूनच चालू लागली. रस्त्याला लागली, मिळेल त्या गाडीत बसली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही पोर आमच्याकडे भात फक्त कुकरमध्येच का लावते. मी तिला आळशी म्हटलं होतं.

"बाई, तो मेला असंल ना?" तिने विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हणाले. तेवढं त्या दिवशी खरं होतं. एका फोनचं काम होतं, संध्याकाळपर्यंत कळलं असतं. मी फोन केला नाही. उलट — आता मुद्द्याच्या जवळ आलेच आहे तर सांगून टाकते — उलट मी तिला घाबरवलं. म्हणाले, पोलिसांच्या हाती लागलीस तर रिमांड होममध्ये टाकतील, तिथे गेलेली पोरं परत येत नाहीत. भावाचं विचारतील, काय सांगशील? म्हणून बाजारात जायचं नाही, स्टँडकडे तर नाहीच, दार वाजलं तर उघडायचं नाही. जी माणसं तिला घरी नेऊन पोचवणार होती, जो कायदा तिच्यासाठीच केलेला होता, त्याचाच मी तिच्यासाठी बागुलबुवा केला. त्यानंतर साधी खाकी पँट दिसली तरी ती खिडकीतून मागे सरायची. बाहेरून कडी लावायची मला कधी गरज पडली नाही.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही. हे मी चार लोकांत, थोडं मऊ करून, कदाचित सांगूही शकले असते.

पावसाळ्याआधी आमच्याकडे घरोघरी सुकी मासळी भरून ठेवतात. त्यासाठी मी उरण नाक्याजवळच्या मच्छी बाजारात गेले होते. एक कोळीण सुकट घेऊन बसलेली, माझ्यापेक्षा लहानच असेल, पण चेहरा ओढलेला. मी भाव विचारला. तिने भाव सांगायच्या आधी मोबाईल पुढे केला. काच तडकलेली होती, पण फोटो ओळखू येत होता. तोच गणवेश. दोन वेण्या. मयुरी.

"ताय, ही माजी पोर. कुटं बगलीव का?"

मी फोटो हातात घेतला. नीट बघितला. बघण्याचं नाटक केलं म्हणा. म्हणाले, नाही हो.

तिला सवय झाली असावी. मोबाईल पदराने पुसत, सुकट मापता मापता ती बोलत राहिली. पोलिसांत तक्रार दिलेली आहे, पण नुसतं घरी बसवत नाही. म्हणून बाजार बदलत फिरते, आज इथे, उद्या तिथे, आणि गिऱ्हाईक येईल त्याला फोटो दाखवते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कदी दिसली तर एवडंच सांगा तिला, बारक्या बरा हाय. भाजला व्हता, पन बरा हाय, शालंत जातो. कोन रागावलं नाय तिच्यावर. आय वाट बगतंय म्हनावं."

सांगते, म्हणाले मी. तिने वजनावर एक मूठ सुकट जादा घातली. मी पिशवी पुढे केली आणि ती घेतली.

सबंध रस्ताभर मी स्वतःशी बोलत होते. घरी गेल्या गेल्या सांगायचं. सासूबाईंचं बघू काहीतरी. दार उघडलं तर मयुरी म्हातारीचे केस विंचरत होती आणि म्हातारी उशांना टेकून चक्क डोळे मिटून बसली होती. मयुरीने माझ्या हातातून पिशवी घेतली, तोंड उघडलं, नाक आत घातलं. आणि तिचा चेहरा — तो कसा झाला ते मी लिहू शकत नाही, लिहायचा प्रयत्न केलाय, फाडून टाकलंय. म्हणाली, "बाई, ही आमच्या बाजूची हाय. माजी आय अशीच वालवते."

सांगायचं होतं ते तेव्हाच. ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, कांदा जास्त घाल, ह्यांना आवडतं.

तिने कांदा, कोकम घालून सुकट केली. तिच्या आईच्या हातची सुकट, तिच्या हातची फोडणी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चांगली झाली होती. तिला वाढलं, तर तिने ताटात घेतली आणि नुसती बोटाने सारत बसली. बारक्याला फार आवडायची, एवढंच म्हणाली. आवडायची! मी समोर बसून ऐकत होते, आणि बारक्या त्या वेळी कुठेतरी पाटी-दप्तर टाकून खेळत असेल हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर एक पावसाळा गेला, आणि दुसराही गेला. त्या काळात तिने मला पुन्हा दोनदा-तीनदा तेच विचारलं, तो मेला असेल ना. आता मला उत्तर माहीत होतं. तरी मी म्हणाले, मला माहीत नाही गं बाळा. बाळासुद्धा म्हणाले. निरोप चार वाक्यांचा होता. मुलांना आम्ही पाठांतराला याहून मोठे धडे देतो. मच्छी बाजार मात्र मी बदलला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही.

मग सासूबाई गेल्या. सगळ्यांत जास्त मयुरी रडली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, घर मोकळं झालं — आणि मी तो चार आकडी नंबर फिरवला. माझ्या मनात काही जागं झालं म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. गरज संपली म्हणून. मुलगी आत्तापर्यंत अनाथ आहे म्हणत होती, आता कुठे घरचं बोलायला लागली, असं मी त्यांना सांगितलं. मयुरी तिथेच उभी होती. तिने ऐकलं.

तिला न्यायला एक तरुण मुलगी आली. ती तिच्याशेजारी जमिनीवर बसली, तिला काय खाणार विचारलं. रिमांड होम नाही, कोठडी नाही, कुणी ओरडलं नाही. एका संध्याकाळच्या आत घरचा पत्ता लागला. बारक्याची खबरही तिला त्याच मुलीने फोनवर बोलून दिली. मयुरी म्हणे कितीतरी वेळ उलट्या करत होती.

समितीसमोर मलाही बोलावलं होतं. इतके दिवस का कळवलं नाही, असं विचारलं, तर अनाथ म्हणत होती म्हणून पोटच्या पोरीसारखी ठेवली, असं मी म्हणाले, आणि शिक्षिकेचा शब्द त्यांना पटला. तिची आई आलेली, बारक्याला घेऊन. त्याच्या मानेपासून दंडापर्यंत कातडी सुरकुतलेली, बाकी पोर टणटणीत. मयुरी त्याच्या दंडावरून हात फिरवत राहिली, फिरवतच राहिली, शेवटी तो गुदगुल्या होतात म्हणून ओरडला. मग ती आईला म्हणाली, "तू का नाय आलीस?"

"आली व्हतू गो," आई म्हणाली. "पनवेलच्या बाजारात बसायची सुकट घेऊन. दिसंल त्याला फोटू दाखवला. सगल्यांना सांगितलं, बारक्या बरा हाय म्हनून सांगा."

मयुरीने माझ्याकडे बघितलं. तिला काय आठवलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हेही तिला कळलं. तिच्या आईने मात्र मला ओळखलं नाही. रोज शंभर गिऱ्हाइकं बघणारी बाई, कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवणार?

समितीतल्या मॅडमनी मयुरीला विचारलं, बाळ, तुला तिथे कसं ठेवलं होतं? काही त्रास? काहीही असेल तर सांग, घाबरू नकोस. मी तिला काय काय बोलता येईल ते मोजत होते, आणि त्यातलं प्रत्येक खरं होतं.

"बाईंनी जेवायला घातलं," ती म्हणाली. बस, तेवढंच.

मॅडमनी माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. तिची आई उठली, डोळे पुसत पुढे आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मयुरी बारक्याचा हात धरून बघत होती. मी पाय मागे घेतले नाहीत.