मिलिंदभाऊचा बत्तीस बिटचा ड्रायव्हर

मिलिंदभाऊ परवा गेला आणि मला काहीच कळत नाहीये.

सोमवारी तर फोनवर बोलला. आवाज ठणठणीत. कशाने गेला विचारलं, तर तिघांनी तीन कारणं सांगितली.

तो राळेगावात कॉम्प्युटर क्लास चालवायचा. मी जिनिंगच्या वजनकाट्यावर ऑपरेटर.

कापसाचा भाव पडला होता, त्या वर्षीची गोष्ट. अजून पडेल या धास्तीने सगळ्यांनी एकदमच कापूस आणला. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.

आणि नेमका त्याच दिवशी शेठनी नवा कॉम्प्युटर बसवला. चौसष्ट बिटचा. पावतीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, मात्र जुना, बत्तीस बिटचा.

कॉम्प्युटरमधलं लिनक्स म्हणे, हा इथला नाही. मी इंटरनेटवरून एक कमांड उचलली आणि जबरदस्तीने बसवला.

मग सगळंच बिनसलं. सॉफ्टवेअरचं हे पॅकेज त्याला चालेना, ते याला. शेवटी मशीन म्हणालं, बरंच काही काढावं लागेल, खात्री असेल तर पूर्ण वाक्य टाइप करा: "येस, डू ॲज आय से!"

काट्यावर आम्हाला सवयच. हो म्हणायचं आणि पुढची गाडी घ्यायची. मी अख्खं वाक्य उद्गारचिन्हासकट टाइप केलं. 🙈

स्क्रीन काळी.

शेठ म्हणाले, "आज पावती निघाली नाही तर उद्यापासून येऊ नका."

मी फोन केला तसा मिलिंदभाऊ सायकलवर आला. खिशात पेनड्राइव्ह.

"ताई, तू येस कायले म्हटलं?"

"मले वाटलं, त्याले कळत असन."

"त्याले काय कळते! तू म्हणशीन तेच करते."

सगळं पुन्हा टाकताना समजावत होता. "घर एकच ठेव, पण चुली दोन. बत्तीसवाल्याचं सामान त्याच्या फोल्डरात, चौसष्टवाल्याचं त्याच्या. तू दोन्ही एकाच गंजात शिजवून राह्यली."

मला तेव्हाही नीट कळलं नाही. पण पाच वाजता पहिली पावती निघाली. माझी नोकरी राहिली.

जाताना म्हणाला, "समजलं नाही तं नो दाबजो. अन् मले फोन करजो."

इतकी वर्षं तेच करत आले.

आज सकाळी अपडेट आलं. त्याने टाकलेल्या बत्तीस बिटच्या पॅकेजेसची यादी, आणि खाली लिहिलेलं: यांची आता गरज नाही. काढू का?

मी सवयीने त्याला फोन लावला.

वहिनींनी उचलला. "काय अडलं, ताई?" एवढंच विचारलं त्यांनी.

मला नाही समजलं, मिलिंदभाऊ. हे अपडेटही नाही आणि तुझं जाणंही नाही.

नो दाबलं आहे.

जयभीम, भाऊ.