चेन्नईला जाऊन दार लावायला शिकलो

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका प्रशिक्षण हॉलमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती, खालून रस्समचा वास येत होता, आणि वेणीत मोगरा माळलेली पन्नाशीची एक बाई दाराशी फरशीवर बसून होती. उठायलाच तयार नव्हती. आणि ती बसली होती माझ्यामुळे.

पण आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो.

मी सोलापूरचा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, एका सरांशी भांडून. (चूक कोणाची होती असं विचारू नका. सरांचीच.) आता एका छोट्या संस्थेत काम करतो. ज्या मुलांना घरचे लोक सध्या सांभाळू शकत नाहीत, त्यांना बालगृहात ठेवण्याऐवजी काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं, याला फॉस्टर केअर म्हणतात. मूल तिथे रुळतंय का, कुटुंबाला काही अडचण आहे का, हे घरी जाऊन बघणारा माणूस म्हणजे समन्वयक. मी तेव्हा अर्धाकच्चा समन्वयक होतो. एक दिवस आमच्या साळुंखे मॅडमनी विचारलं, "चेन्नईला समन्वयकांचं ट्रेनिंग आहे, कोण..." त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर.

"कामाची एवढी ओढ?"

"हो मॅडम."

मॅडम नुसत्या हसल्या. त्यांना सायलीचं माहीत होतं. ऑफिसातल्या चहावाल्यालाही माहीत होतं.

सायली माझ्या वर्गातली. तिने डिग्री पुरी केली आणि चेन्नईबाहेर ओरगडमला एका गाड्यांच्या कारखान्यात लागली. जाताना म्हणाली, "बोलू नंतर." तेव्हापासून आमचं 'नंतर'च चालू होतं. मेसेजला उत्तर यायचं, पण काय, तर "शिफ्ट आहे रे", "बघू", नाहीतर नुसता हसरा चेहरा. मी ठरवलं, समोर जाऊन विचारायचं. हो की नाही. उत्तर घेतल्याशिवाय परतायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी गौरीला भेटून आलो. गौरी सहा वर्षांची, मंदाकाकूंकडे ठेवलेली. ती मला सोडत नाही म्हणून फुगा दिला, ती फुगवण्यात गुंतली आणि मी हळूच सटकलो. मंदाकाकूंनी खिडकीतून हातानेच 'छान' म्हटलं. पोरगी रडली नाही. आम्ही सगळे असंच करतो, अख्खा महाराष्ट्र असंच करतो.

सोलापूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत, पण स्लीपरचं तिकीट बरंच आधी काढा. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. रायचूरनंतर डब्यातली मराठी संपली, गुंतकलनंतर माझी हिंदीही चालेना. मग दहीभात घेऊन खिडकीत बसलो. एका आजोबांनी न मागता लोणचं दिलं, मी त्यांना चटणी दिली. ते ठसकले, पाणी प्यायले आणि पुन्हा हात पुढे केला. भाषा लागली नाही. सेंट्रलला उतरलात की रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका (मी घातली, हरलो). खालीच मेट्रो आहे, ती थेट गिंडीला नेते, तीही गारेगार.

गिंडी म्हणजे लेथ मशीनचा आवाज आणि त्यातच फिल्टर कॉफी. आमचा हॉल अशाच एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. खोलीत माझा जोडीदार सेल्वम, अंबत्तूरच्या एका संस्थेतला. मी रात्री तिसऱ्यांदा मोबाइल बघितला तेव्हा त्याने एकच शब्द विचारला, "लव्वा?"

मी मान हलवली. त्याने आपली चादर माझ्याकडे फेकली. "एसी जास्त आहे, ब्रो. दुःखात सर्दी नको."

आम्हाला शिकवायला कामाक्षी अक्का होत्या. घराणं तंजावरचं मराठी. माझं नाव ऐकताच त्या थांबल्या. "ओंकार? सोलापूर? मग तू मराठी की, तंबी! माझे बोलणे जुने आहे. हसू नको." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी हसलो नाही. जुनी पोथी कुणी तमिळ चालीवर वाचावी तसं त्यांचं बोलणं, ऐकत राहावंसं वाटे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक खेळ लावला. अक्का सहा वर्षांची मुलगी. आपण समन्वयक. दारातून आत यायचं, भेट घ्यायची, निघायचं. बास. माझी पाळी आली. मी कागदाची होडी करून दिली, दुसरी करायला शिकवली, अक्का मान खाली घालून घड्या घालायला लागल्या आणि मी सफाईने बाहेर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात कॉलर ताठ करून उभा.

आत आलो तर अक्का दाराशी.

"काका कोठे गेले?"

सेल्वम म्हणाला, "अक्का, जेवण."

"काका येतील. मग जेवीन."

सगळे हसले. मग हसणं हळूहळू बंद झालं, कारण अक्का खरंच उठेनात. लोक ताटं घेऊन ये-जा करत होते आणि त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. माझं डोकं तापलं. "अक्का, संपला की खेळ! मग काय रडवून जायचं का? मी हसवून गेलो ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी हसत होते. मान वर केली तर कोणी नाही. आता पुन्हा मी मान खाली घालीन काय? कधी खेळीन काय?"

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि पुन्हा आमच्या शिक्षिका झाल्या. "निघतो म्हणून सांगावे. परत कधी येणार ते सांगावे, जमणार तेवढेच. आणि दार आपण लावावे. अर्धे ठेवले तर मूल फटीतून बघत बसते. रडेल, तंबी. रडू दे. रडून झाले की मूल जेवते."

ताटातला सांबारभात गार झाला. खिशात मोबाइल होता, त्यात सायलीचं "रविवारी बघू रे". किती महिने मी फटीतून बघत बसलो होतो ते मला तेव्हा कळलं.

रविवारी ओरगडम. गिंडीहून लोकलने तांबरम, तिथून पडप्पैमार्गे बस. तिकीट स्वस्त, पण बसच्या पाट्या तमिळमध्ये, त्यामुळे कंडक्टरला गावाचं नाव दोनदा विचारा. पडप्पैनंतर तळी दिसतात, मग अचानक कंटेनरच्या रांगा, लांबच लांब कंपाउंड आणि मधेच एकटी उभी नवी बिल्डिंग. तशाच एकीत सायली राहते.

"काय बे ओम्या! खरंच आलास?"

चटणीची पुडी तिने दारातच फोडली. मग तिच्या कारखान्याचं सुरू झालं. एका लाइनवर ट्रकचा सांगाडा कसा पुढे सरकतो, तिच्या टेबलापाशी काय बसवतात, सुपरवायझर तिला 'सोलापूर मॅडम' कसा म्हणतो. खरं सांगू, मला ऐकायला मजा आली. वर्गात कधी एवढं बोलली नव्हती. शेवटी मी विषय काढला.

"बघू ना रे," ती म्हणाली. "सोलापूरला आले की बोलू."

एरवी इथे मी हाताला लागेल ते भिंतीवर फेकलं असतं.

"सायले, मी दाराशी बसलोय गं. आत घे, नाहीतर दार लाव. फट ठेवू नको."

ती बोटावरची चटणी बघत राहिली. "तू आदळआपट करशील म्हणून बोलत नव्हते."

"करणारच आहे. खाली जाऊन."

ती हसली. मग डोळे पुसले. "नाही रे ओम्या. माझ्या मनात तसं नाही. आता नाही, आणि नंतरही नाही."

निरोप द्यायला ती दारात उभी राहिली, मी जिना उतरेपर्यंत थांबणार होती. मी म्हटलं, "लाव." तिने लावलं. कडीचा आवाज आला. खाली येऊन मी पाण्याच्या कॅनला लाथ मारली. कॅन भरलेला होता. तांबरमपर्यंत अंगठा ठणकत होता, आणि त्या निमित्ताने मला रडता आलं.

सेल्वमने मला गल्लीतल्या टपरीवर नेऊन परोटा-कुर्मा पुढे ठेवला. शंभरच्या आत पोट भरतं, परोटा तव्यावरून येतानाच खा. मी चार खाल्ले. अक्का म्हणाल्या तसंच झालं.

सोलापूरला परतून आठवडा झाला. चेन्नईतलं काय राहिलं? कॉफी इथे तशी जमत नाही. सायलीचा नंबर आहे, पण मोबाइल आता उशाखाली ठेवत नाही. दुखतं अजून, खोटं कशाला बोलू. पण वाट बघण्याचं दुखणं आणि हे दुखणं वेगळं आहे. यात झोप लागते.

काल गौरीकडे गेलो. मी फुगा दिला. तिने घेतला, पण फुगवला नाही. मुठीत धरून माझ्या आणि दाराच्या मधोमध बसली, डोळे माझ्यावर.

"गौरी, मी आता निघणार आहे."

"उद्या येणार?"

"उद्या नाही. रविवारी. नाही जमलं तर काकूंना फोन करून तुला सांगेन."

तिचे ओठ थरथरले. मंदाकाकू कानाशी आल्या. "अहो, उद्या म्हणा की. लेकराला काय कळतंय?"

"सगळं कळतं, काकू."

गौरीने भोकाड पसरलं. मी तिच्यासमोर बसून चपला घातल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, पुन्हा एकदा "रविवारी" म्हटलं. मग बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. पूर्ण.