सर्वांत खालचं रेटिंग देणाऱ्या इंदूताई

इंदूताई कापगते यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांना शिकवायला. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी तेव्हा बी.कॉम. होऊन भिलाईतल्या कोहक्यात घरी बसले होते. बाबा दुर्ग लाईनवर रेल्वेत होते, पण पाठीच्या दुखण्यानं महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेले. ताईंना इथल्या पोलाद प्लांटच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीनं, हैदराबादच्या वर्षाताईंनी, त्यांना एक लॅपटॉप पाठवला होता आणि घरबसल्या करायचं एक कामही शोधून दिलं होतं. लॅपटॉप शिकवणारं कुणीतरी हवं होतं, आणि आईनं माझं नाव सुचवलं.

सेक्टर ६ मधल्या त्यांच्या क्वार्टरसमोर मी स्कूटी उभी केली, तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू ज्योती न? ये. मले आधी हे बंद कसं करतात ते शिकव. चालू करणं जमते, बंद करताना भेव लागते."

या गौरवग्रंथात ताईंच्या बरोबरीच्या सिस्टर लिहीत आहेत, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्स लिहीत आहेत, ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली ती कुटुंबं लिहीत आहेत. त्यांच्या पांढऱ्या साडीतल्या दिवसांबद्दल मला बोलता येणार नाही, कारण तो काळ मी पाहिला नाही. मी पाहिल्या त्या निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलाशी बसून इंटरनेटवरची पानं वाचणाऱ्या ताई. त्यांचं हे दुसरं काम इथं फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून त्याबद्दल लिहायची जबाबदारी संपादकांनी माझ्यावर टाकली असावी.

काम साधं होतं. कुणीतरी कुठंतरी फोनवर मराठीत काही शोधतं. त्या शोधाला इंटरनेटवरची कोणती पानं पुढं आली, ती कामाची आहेत का, भरवशाची आहेत का, हे वाचून रेटिंग द्यायचं. सर्वांत खालच्या दर्जापासून सर्वांत वरच्या दर्जापर्यंत पाच पायऱ्या. पुढं यंत्रानं स्वतः रचलेली उत्तरंही येऊ लागली, त्यांनाही असंच जोखायचं. प्रत्येकाला काही मिनिटांचा वेळ. एकच पान अनेक जणांकडं जाई आणि तुमचं रेटिंग इतरांशी किती जुळतं, यावर तुमचं काम टिके. ताईंचा हात माउसवर बसेपर्यंत दोन आठवडे गेले. तेवढ्यात त्यांनी माझंही नाव त्या कामाला लावून टाकलं. "एकटीनं वाचायचा कंटाळा येते," एवढंच कारण त्यांनी दिलं. घरी बाबांच्या औषधांची काय ओढाताण चालली होती, हे त्यांना आईकडून कळलं होतं. पण त्याचा एका शब्दानंही उल्लेख त्यांनी कधी केला नाही.

अडचण वेगळीच होती. माझं शिक्षण सगळं हिंदीतून. मराठी घरातली, तीही दाराच्या आतली. दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. मराठी मजकूर मी अक्षरं लावून वाचत असे. ताईंनी मला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. स्वतः त्या वाटाणे सोलत किंवा तांदूळ निवडत ऐकत. मी चुकले की थांबवत, पण हसत कधी नसत. एकदा मीच शरमून म्हटलं, "ताई, माझी मराठी म्हणजे निव्वळ मले-तुले." त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मले म्हणलं तं काय झालं? माह्या मायनं मले त्याच बोलीत वाढवलं. दवाखान्यात बाया छत्तीसगढी बोलत, मी त्यायच्याशी छत्तीसगढीत बोलो. दुखणं ज्याच्या बोलीत आहे, त्याच बोलीत विचारा लागते."

ताई पान कसं वाचत, हे मी पुष्कळ दिवस नुसतं पाहत होते. रंग, चित्रं, ठळक मथळे यांच्याकडं त्या पाहतच नसत. आधी शोधत, हे लिहिलं कोणी. मग विचारत, "या माणसानं हे कधी स्वतः केलं असन काय?" एकदा भाजलेल्या जखमेवरच्या पट्टीबद्दल एक झकपक पान आलं. दहा उपाय, प्रत्येकाला चित्र. ताईंनी अर्ध्या मिनिटात ते खाली टाकलं. "यानं एकही पट्टी बदललेली नाही. पट्टी सोडवताना काय होते, त्याचा एक शब्द नाही." त्याच दुपारी एक अगदी गबाळं पान आलं. बारीक अक्षर, शुद्धलेखनाच्या चुका. कुणा पशुपालकानं गाईच्या कासेच्या दुखण्यावर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं, एवढं मी केलेलं आहे, यापुढचं मला माहीत नाही, डॉक्टर बोलवा. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि सगळ्यात वरचं रेटिंग दिलं. मी म्हटलं, "ताई, बाकीचे हे खाली टाकतील. आपला मेळ बिघडेल." त्या म्हणाल्या, "बिघडू दे. माहीत नाही म्हणणारा माणूस रोज भेटते काय?"

आता मी त्या दिवसाबद्दल लिहिते, ज्याबद्दल लिहायचं की नाही याचा मी बराच विचार केला. गौरवलेखात लिहिणाऱ्यानं स्वतःची चूक सांगू नये, असा संकेत असेल. पण ती वगळली तर ताईंचं मोठेपण मला सांगता येणार नाही.

तोवर यंत्राची उत्तरं नेहमीची झाली होती. त्या दिवशीचा शोध कुणीतरी आमच्याच बोलीत लिहिला होता: लेकराले सकाळपासून जुलाब होऊन राहिले, घरी काय द्याव. त्याला यंत्रानं दिलेलं उत्तर मात्र अतिशय सुरेख मराठीत होतं. आधी धीराचे दोन शब्द, मग पायरीपायरीनं मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, शेवटी डॉक्टरांना कधी दाखवायचं. असं उत्तर मला शंभर वर्षांत लिहिता आलं नसतं. मी सर्वांत वरच्या रेटिंगवर बोट ठेवलं आणि कौतुकानं ताईंना वाचून दाखवलं.

वाचता वाचता ताईंनी मला थांबवलं. "प्रमाण पुन्हा वाच."

"एक लिटर पाण्यात सहा चमचे मीठ, अर्धा चमचा साखर."

"उठ," ताई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात जा. जसं लिहिलं तसंच कर."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्या माझ्या मागोमाग आत आल्या आणि त्यांनी मिठाचा डबा पुढं केला. मी पाणी मोजलं, चहाच्या चमच्यानं सहा चमचे मीठ घातलं, अर्धा चमचा साखर घातली, ढवळलं. "आता पी," त्या म्हणाल्या. मी एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. डोळ्यांत पाणी आलं. प्रमाण उलटं झालं होतं. हवं होतं अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर; ही एवढीशी अदलाबदल.

"जुलाबानं सुकलेलं लेकरू राहते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "त्याच्या मायनं हे विचारलं. ती तुह्यासारखी थुंकणार नाही वं ज्योती, ती लेकराले चमच्या-चमच्यानं पाजत बसन. चांगल्या भाषेत लिहिलं म्हणून पाजन."

टेबलाशी परत येऊन त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर त्या उत्तराला सर्वांत खालचं रेटिंग दिलं आणि खाली कारण लिहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुहं तू पाय. मी सांगत नाही."

त्याच आठवड्यात मला ताकीद आली होती. माझी रेटिंग इतरांशी जुळत नाहीत, पुन्हा तसं झालं तर काम थांबेल. बाबांची फिजिओथेरपी चालू होती. इतर सगळे या सुंदर उत्तराला वरच ठेवणार, हे मला दिसत होतं. तोंडात अजून ती खारट चव असताना मी मधली पायरी निवडली आणि सोडून दिलं. मधली. ना इकडची, ना तिकडची. ताईंनी ते पाहिलं. चहा टाकायला उठल्या.

पंधरा दिवसांनी ताईंचं खातं बंद झालं. तुमची रेटिंग अपेक्षित दर्जाची नाहीत, असं दोन ओळींचं पत्र. माझं काम चालू राहिलं.

मी रडत त्यांच्याकडं गेले. म्हटलं, मी पण सोडते. ताई पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. "कावून सोडतं? घरी बाप पडून आहे न तुहा? आणि सगळे सोडून गेले तं लेकरायच्या दुखण्याची ते उत्तरं वाचन कोण?" मग त्यांनी वहीच्या पानावर एक पत्र लिहिलं. तक्रार नव्हती. आपण इतकी वर्षं मुलांच्या वॉर्डात होतो, हे उत्तर कुठं चुकलं, बरोबर प्रमाण काय, आणि ज्या बोलीत प्रश्न विचारला ती बोली अशुद्ध नाही, तिच्यात बाया खरोखर विचारतात, एवढंच. मी ते टाइप करून कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतरही मी रोज त्यांच्याच टेबलाशी बसून काम केलं. त्या समोर बसत, आपल्या कामात असत, विचारलं तरच बोलत. पण मी प्रत्येक रेटिंगखाली कारण लिहायला शिकले, सविस्तर, त्या लिहीत तसं. माझा मेळ तरीही अनेकदा बसला नाही. आणखी एक ताकीद आली. मी पुन्हा कधी मधली पायरी भीतीनं निवडली नाही. काम जाईल असं वाटत असताना उलटंच झालं. कुणीतरी ती कारणं वाचली असावीत, कारण वर्षभरानं मला इतरांची रेटिंग तपासणाऱ्या गटात घेतलं. आज माझ्यापुढं असे तक्ते येतात, ज्यात नऊ जणांचं मत एक आणि एकाचं वेगळं असतं. नियम नऊ जणांकडं पाहायला सांगतो. मी आधी त्या एकाचं कारण वाचते. प्रत्येक वेळी तो एक बरोबर असतो असं नाही. पण वाचते.

तोच जुलाबाचा प्रश्न पुढं एकदा पुन्हा माझ्यासमोर आला, त्याच बोलीत. या वेळी प्रमाण बरोबर होतं. ते ताईंच्या पत्रामुळं सुधारलं की आपोआप, हे मला कधीच कळणार नाही. मी धावत सांगायला गेले, तर ताई म्हणाल्या, "बरोबर आहे न? मंग झालं. कोणामुळं, ते कायले पायजे?"

ताईंच्या मायेबद्दल किती लिहावं. लग्नानंतर माझं बाळंतपण अवघड झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्या दोन दिवस बसून होत्या. आईला घरी झोपायला पाठवलं, स्वतः हलल्या नाहीत. मुलगी माझ्या हातात दिली गेली, तेव्हा त्यांनी तिची बोटं मोजली आणि मला म्हणाल्या, "ईच्याशी मराठीतच बोलजो. बाहेरची हिंदी ते आपोआप शिकते." मी बोलते. ती "मला"ऐवजी "मले" म्हणते, तेव्हा मला ताईंचाच आवाज ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी क्वार्टरच्या भाडेकराराची मुदत संपली, गुडघेही थकले होते, आणि वर्षाताई त्यांना हैदराबादला घेऊन गेल्या. सामान भरताना ताईंनी ते जेवणाचं टेबल मला देऊ केलं. माझ्या कोहक्याच्या खोलीत ते मावेना, म्हणून शेजारच्यांना गेलं. त्याची चुटपुट अजून जात नाही. सेक्टर ६ मधून जाताना मी स्कूटी अजूनही त्या वळणावर हळू करते. आता तिथं दुसरे पडदे आहेत, दारात दुसऱ्यांच्या चपला आहेत. एकदा सवयीनं फाटकाला हात घातला आणि तसाच मागं घेतला. एखादं पान अडलं की मी मान वर करते, समोर विचारावं म्हणून. समोर भिंत असते.

ताईंनाही तिकडं करमत नाही, हे त्या सांगत नाहीत, वर्षाताई सांगतात. त्या इमारतीत त्यांच्या बोलीत बोलणारं कुणी नाही. वर्षाताईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. ताई सकाळी उठल्यावर चष्मा लावतात आणि फोनवर पहिला शोध घेतात तो भिलाईच्या हवामानाचा. हैदराबादचं हवामान त्यांनी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. आणि मग मला फोन येतो. "ज्योती, हा फोन म्हणते तिकडं ढग आहेत. खरं आहे काय? खिडकीत जाऊन पाय न जरा."

मी मुलीला कडेवर घेते, खिडकीत जाते आणि आकाश पाहून सांगते.

ताईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं. त्यांचे गुडघे हिवाळ्यात दुखू नयेत, नजर अशीच तीक्ष्ण राहावी, आणि एखादा हिवाळा तरी त्यांनी इथं आमच्याकडं काढावा. तोवर, पुढची पुष्कळ, पुष्कळ वर्षं, रोज सकाळी त्यांचा फोन येवो आणि मला खिडकीत जावं लागो.